जहाजावरचे बाबा

आमच्या वन्संचं, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचं, निम्मं आयुष्य लोकांच्या नाकावर चष्मे बसवण्यात गेलं. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात त्यांची सकाळची पाळी. दुपारी घरी येऊन जेवल्या की जेवणाचंच टेबल पुसून घ्यायचं, त्यावर कागद पसरायचे आणि लिहायला बसायचं. अशी त्यांची चार पुस्तकं झाली होती. सगळी मोठ्या होत चाललेल्या मुलामुलींसाठी, आणि सगळी अशी की वाचून एखाद्या तरी आईने कपाळाला आठ्या घातल्याच पाहिजेत. एकात आई दारू पिते आणि मुलगी शेजाऱ्यांना सांगते, आईचं डोकं दुखतंय. एकात नववीतल्या मुलाला धड वाचता येत नाही आणि ते कुणाच्या लक्षातच आलेलं नाही. एकात एका मुलीचा फोटो वर्गभर फिरतो. मोठी माणसं ही पुस्तकं कपाटात वरच्या फळीवर ठेवत आणि मुलं ती बाकाखाली धरून वाचत.

"वन्सं, एखादं हसरं लिहा की," मी एकदा म्हटलं.

"लिहीन. तुझ्या नवऱ्यावर लिहीन."

मुलांच्या मनातलं त्यांना कळतं कसं, याचं मला नवल वाटायचं. मग एकदा दुकानात बसून पाहिलं. नंबर तपासताना मुलाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम, एक डोळा झाकलेला, खोलीत अंधार आणि समोर उजेडात फक्त अक्षरांचा तक्ता. वन्सं काच बदलत विचारायच्या, "आता बरं दिसतंय, का मघाशी बरं होतं?" आणि मधेच सहज, "शाळेत कसं चाललंय?" एरवी तोंडाला कुलूप लावलेली मुलं त्या अंधारात भडाभडा बोलायची. वन्सं कधी 'अरेरे' म्हणाल्या नाहीत. फक्त हातातली काच तशीच धरून ऐकत राहायच्या.

घरात आम्ही चौघं. सासरे, वन्सं, माझा नवरा आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. लग्न ठरताना नवऱ्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं की बाबा तरुणपणी जहाजावर नोकरीला होते, मी नऊ वर्षांचा झालो तेव्हा कुठे ते परतले. मी घरात आले आणि पाहते तर सासऱ्यांना बसच्या मागच्या सीटवर बसवलं तरी मळमळतं! विचारलं तर म्हणाले, "वय झालं." विषय तिथेच मिटला.

पाचवं पुस्तक मात्र वन्संना फार छळत होतं. लिहायच्या, फाडायच्या, पुन्हा लिहायच्या. एका दुपारी मी भांडी विसळत होते, तेव्हा त्या टेबलावरूनच म्हणाल्या, "या वेळच्या मुलीचे वडील तुरुंगात आहेत."

"अगं बाई! हे कुणी सांगितलं? दुकानातल्या कुठल्या मुलीने?"

"नाही. हे घरातलंच आहे."

मी नळ बंद केला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सासरे मालाच्या गोदामात कामाला होते. सोबतच्या माणसाशी बाचाबाची झाली, सासऱ्यांनी रागाने ढकललं, तो फलाटाच्या कडेवरून खाली पडला, डोक्याला लागलं आणि गेला. सासऱ्यांना शिक्षा झाली. वन्सं तेव्हा बारा वर्षांच्या, माझा नवरा तीन. बाबा कुठे, म्हणून तो रडून घर डोक्यावर घ्यायचा. सासूबाईंनी लेकीला सांगितलं, "त्याला काहीतरी सांग." वन्संनी जहाज सांगितलं. रोज झोपताना त्यात भर घालत गेल्या. सासरे सुटून आले तेव्हा मुलाने पहिला प्रश्न विचारला, "बाबा, जहाज कुठे लावलंत?" त्या माणसाने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि "लांब," एवढंच म्हटलं.

"म्हणजे यांना अजून..."

"अजून जहाजच माहीत आहे," वन्सं म्हणाल्या. "माझी पहिली गोष्ट ती. त्याच्यावरच लिहायला शिकले म्हण. आता दुसऱ्यांच्या मुलांना मी सांगत फिरते की खरं ते बोला, आणि माझा भाऊ चाळिशीला आला तरी जहाजात बसलाय."

हस्तलिखित प्रकाशकाकडे जाण्याआधी त्यांनी सासऱ्यांना विचारलं. "बाबा, तुम्ही ऐकल्याशिवाय हे मी कुणाला देणार नाही. आणि तोही ऐकेल." सासरे हाताची नखं बघत म्हणाले, "बसू दे त्यालाही."

रविवारी जेवणं उरकल्यावर वन्संनी वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर एक मुलगी अंथरुणात धाकट्या भावाला सांगत असते की बाबांच्या जहाजावरचं स्वयंपाकघर इतकं मोठं आहे की आचारी सायकलवरून फिरतात. माझा नवरा मोठ्याने हसला. "ताई, ही तर माझी गोष्ट! सायकलवाले आचारी!"

वन्सं थांबल्या नाहीत. पुढची ओळ अशी होती की भाऊ झोपल्यावर मुलगी कूस बदलते आणि तुरुंगात भेटायला जायची वेळ मनात पुन्हा घोकते.

नवऱ्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं. "ताई, हे पुस्तकातलं आहे ना?"

"जहाज पुस्तकातलं आहे. बाकीचं खरं आहे."

त्याने वडिलांकडे पाहिलं. सासऱ्यांनी मान खाली घातली. नवरा उठला, पायात चपला सरकवल्या आणि निघून गेला. मला वाटलं, संपलं आता, वन्सं कागद आवरतील. पण सासरे म्हणाले, "पुढे वाच." आणि त्या वाचत राहिल्या.

त्यानंतर रोज दुपारी वाचन चाललं. मी कामाचं निमित्त करून तिथेच घुटमळायचे. भेटीच्या खोलीतला वास, शाळेत 'वडिलांचा व्यवसाय' लिहिताना थबकलेलं पेन, मेलेल्या माणसाची बायको बाजारात समोर आली तो प्रसंग. जन्मदात्याला समोर बसवून त्या हे सगळं वाचत होत्या. आवाज कापत नव्हता, एक शब्द गाळत नव्हत्या. आणि तो म्हातारा ऐकत होता. एकदाच त्याने टोकलं. "काच नव्हती मध्ये. जाळी होती." वन्संनी तिथल्या तिथे दुरुस्त केलं. कुणाचं धैर्य मोठं, बापाचं की लेकीचं, मला ठरवता येईना.

नवरा बहिणीशी बोलत नव्हता. पण कामावरून तो आता दुपारीच घरी यायला लागला. आल्या आल्या आतल्या खोलीत इस्त्री लावून उभा राहायचा. दार उघडं असायचं. एकच शर्ट किती वेळा इस्त्री व्हायचा, ते त्या शर्टालाच ठाऊक.

शेवटच्या प्रकरणात मुलगी वडिलांना माफ करते. फार सुंदर लिहिलं होतं. मी पदराने डोळे पुसत होते.

सासरे म्हणाले, "हे काढ."

"का, बाबा?"

"मी माफी मागितलीच नव्हती. मग तू दिलीस कुठून?"

वन्सं पहिल्यांदाच अडखळल्या. "मुलं वाचणार आहेत, बाबा. शेवटी त्यांच्या हाती काहीतरी लागायला हवं..."

"त्यांनाही जहाजात बसवणार का?"

वन्संनी ती पानं बाजूला काढली आणि सावकाश फाडली. इतक्या महिन्यांचं काम, तेही सगळ्यात चांगलं उतरलेलं!

आतून नवऱ्याचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी. "ताई, आचारी राहू देत. ते चांगले आहेत."

वन्सं हसल्या आणि हसता हसता टेबलावर डोकं टेकून रडल्या.

प्रकाशकाने शेवट बदला म्हणून खूप मनधरणी केली, वन्सं बधल्या नाहीत. पुस्तक तसंच निघालं. पुढे एका शाळेने त्यांना बोलावलं, तेव्हा सासरे म्हणाले, मीही येतो. ते असे कधीच आले नव्हते. बसमध्ये खिडकीशी, रुमाल तोंडाला लावून बसले. सभागृहात आम्ही मागच्या रांगेत होतो.

एका मुलीने उभं राहून विचारलं, "मग तिने वडिलांना माफ केलं की नाही?"

"त्याने अजून माफी मागितलेली नाही," वन्सं म्हणाल्या.

मुलगी खाली बसेना. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "माझे बाबा पण तिथेच आहेत."

दोनशे मुलांचं सभागृह, पण एक खुर्ची वाजली नाही. कुणी हसलं नाही. मग तिच्या शेजारच्या मुलीने आपली खुर्ची सरकवून तिच्या खुर्चीला चिकटवली. शाळेच्या बाई व्यासपीठावरून काही बोलणार होत्या, त्याही थांबल्या. मी देवळात जाते, पण तसं शांत मला तिथेही कधी वाटलेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर सासरे काठी टेकत तिच्यापाशी गेले. "भेटायला जातेस का गं?"

"आई नेते. पण ते काही बोलतच नाहीत."

"बोलणार नाही तो. त्याला जमणार नाही. तरी जा. तू दिसतेस ना, त्यावर त्याचे पुढचे दिवस निघतात."

ती बघत राहिली. तिला कळलं, समोर कोण आहे ते. तिने वाकून नमस्कार केला नाही, नुसती जोरात होकारार्थी मान हलवली.

त्याच आठवड्यात सासरे वन्संशी बोलले. स्वयंपाकघरात, सकाळी, त्या दुकानात निघायच्या घाईत असताना. "थांब जरा," एवढं माझ्या कानावर पडलं आणि मी बाहेर गॅलरीत जाऊन उगाच वाळलेले कपडे पुन्हा झटकत बसले. त्यामुळे काय शब्द झाले ते मला माहीत नाही. वन्सं दुकानात उशिरा गेल्या, पहिल्यांदाच. संध्याकाळी सासरे मुलाला घेऊन फिरायला गेले आणि दोघं बऱ्याच उशिराने परतले. नवऱ्याचे डोळे लाल होते. मी विचारलं नाही.

वन्सं आता सहावं लिहितायत. परवा मी त्यांना हळूच विचारलं, "त्या सकाळचं यात येणार का हो?"

त्यांनी चष्मा काढला, पदराने काचा पुसल्या.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "ते माझं आहे."