अंगणातली वंशावळ

डॉ. यशोधराबाई दुपारे यांची आणि माझी पहिली भेट गडचिरोलीत झाली, तीही एका भांडणात. मी नुकताच आरोग्य केंद्रात रुजू झालो होतो. एका खासगी बसचा वाहक झोकांड्या खात चढू पाहणाऱ्या माणसाला खाली ढकलत होता. "सकायपासूनच मोहाची पेऊन आला हा," असं त्याचं म्हणणं. तेवढ्यात सुती साडीतल्या एक ठेंगण्या बाई पुढे झाल्या. "याच्या तोंडाचा वास घे, अन् मंग बोल." वाहकाला खरोखरच वास घ्यावा लागला. दारू नव्हतीच. त्या माणसाला, लालसूभाऊंना, हातपाय आपोआप हलण्याचं दुखणं होतं. बाई त्यांच्याच गावी निघाल्या होत्या. मीही उगाच त्यांच्यासोबत बसलो, तो आजतागायत त्यांच्यासोबतच आहे. (लालसूभाऊ आणि त्यांच्या घरच्यांची नावं इथे बदलली आहेत; लिहायला त्यांची परवानगी आहे.)

बाईंचा जन्म चंद्रपूरजवळच्या एका बौद्ध शेतमजूर कुटुंबातला. मेंदूविकारांचं उच्च शिक्षण घेतल्यावर मोठ्या शहरात त्यांचा जम सहज बसला असता. त्या परतल्या आणि या जंगलपट्ट्यातल्या हालचालींच्या विकारांची कारणं शोधू लागल्या. "कारण सापडलं नाही की लोक माणसालाच कारण ठरवतात," असं त्या म्हणतात. कोणी दारुडा ठरतो, कोणी करणी केलेला. बाईंना याची भयंकर चीड आहे.

त्यांची कामाची रीत वेगळीच. एखादा आजार पिढ्यांमधून कसा उतरला हे पाहायला वंशावळ लागते. बाई ती आधी अंगणातल्या मातीत काडीनं काढतात, म्हणजे सगळं घर भोवती बसून चुका काढू शकतं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, दुखणं असेल तिथे कोळशाचा तुकडा. चित्रकलेत बाईंची गती यथातथाच. त्यांचे गोल पाहून म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसतात.

या रीतीनंही एकदा दगा दिला. लालसूभाऊंच्या घरी बाईंनी विचारलं, तेव्हा सगळे एका सुरात म्हणाले, "लालसू घरचाच पोरगा. मंगरूचा भाऊ." मंगरू तरुणपणीच साप चावून गेला होता. हे दुखणं दिसू लागतं चाळिशीच्या आसपास, त्यामुळे त्याच्यात ते होतं की नव्हतं हे कोण सांगणार? त्याची मुलगी रैनी. तिचं लग्न ठरलेलं. बाईंनी तिला एकटीला बाजूला घेऊन समजावलं, की वडिलांकडून हे तुझ्यातही आलं असू शकतं, रक्त तपासलं तर पक्कं कळेल. जाणून घ्यायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, हा बाईंचा दंडक. रैनी तपासणीला नाही म्हणाली, आणि लग्नालाही. "त्याच्या गळ्यात माझं दुखणं कशाले बांधू, बाई?"

पुढच्या हंगामात त्या घरच्या कुळदेवाच्या पूजेला आम्हाला बोलावणं होतं. सगळे आत, लालसूभाऊ मात्र बाहेर चिंचेखाली. बाईंनी विचारलं, "भाऊ बाहेर काऊन बसले?"

"त्यायचा देव अलग हाय ना," घरची म्हातारी आजी म्हणाली. "लमझना म्हणून आला होता तो."

लमझना म्हणजे लग्नाआधीच मुलीच्या घरी राहून शेतात राबणारा होणारा जावई. लालसूभाऊ मिसरूड फुटायच्या आत या घरात आले, मंगरूच्या बहिणीशी लग्न झालं, ती वारल्यावरही ते इथेच राहिले. घराला ते पोरगाच वाटत होते, म्हणून कोणी खोटं बोललं नव्हतं. बाई तडक त्यांच्या जन्मगावी गेल्या. तिथे त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचे हात तसेच हलत होते.

बाईंनी पुन्हा सगळ्यांना अंगणात बसवलं. लालसू-मंगरूंना भाऊ म्हणून जोडणारी रेघ तळहातानं पुसली. "चूक माझी हाय. पोरगा म्हटला तं मी पोटचा समजली. हे दुखणं मंगरूच्या घरचं नाईच." रैनी ओक्साबोक्शी रडली. बाई मात्र उठून लालसूभाऊंच्या मुलीजवळ, सुक्कीजवळ जाऊन बसल्या. तिच्यासाठी काहीच बदललं नव्हतं. तिच्यासोबत त्या चिंचा फोडत राहिल्या. एवढा मोठा संशोधक मी पाहिलेला नाही, हे मी त्या बैठकीवरून म्हणतो.

रैनीचं लग्न त्याच मुलाशी झालं. आजही लालसूभाऊंना दवाखान्यात तीच आणते. मी एकदा सहज म्हटलं, की ते तुझ्या रक्ताचे नाहीत. ती फटकन म्हणाली, "रक्ताचा नसन. काका तं माझाच हाय."

बाईंना आता पंचाहत्तरावं वर्ष लागलं. दुखणं कळलं, त्याची वाट कळली. ते मुळापासून थांबवणारं औषध अजून नाही, आणि बाईंचं काम सुरूच आहे. बाईंच्या या गौरवग्रंथासाठी शुभेच्छा गोळा करत सुक्कीकडे गेलो. तिनं अजून रक्त तपासलेलं नाही. ती म्हणाली, "बाईले सांगा, औषध भेटेपर्यंत त्यायनं जायचं नाई. मी इथी वाट पाहून राह्यली."

बाई, आम्हा सगळ्यांचं मागणं तेवढंच आहे.