विहिरीपाशी आधी कोण आलं

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिला सगळे ठिणगी म्हणत. तोंडावरच म्हणत, कारण मागून म्हटलेलं कानावर गेलं तर ते जास्त महागात पडायचं. पन्नाशी उलटलेली बुटकी बाई, पण ओल्या चादरींच्या गाड्या ढकलून दंड पैलवानासारखे झालेले. दिवसभर वाफेत उभं राहून ती चादरी इस्त्रीच्या रोलरखाली सरकवायची, आणि कुणी डाग राहिलेली चादर गुपचूप पुढे ढकलली की त्याची सालटी काढायची.

हीच बाई घरी आली की कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरपुढे बसे आणि राक्षसांची मुंडकी उडवी. हे वेड तिला लावलं धाकट्या भावानं. तो दूरच्या एका बंदरात क्रेन चालवायचा. ताडमाड उंच, म्हणून लहानपणापासून लांब्या. भेट वर्षातून एखादी, पण खेळात दोघं रोज संध्याकाळी बरोबर. हा पुढे ढालीसारखा उभा, ही मागून वार करतेय, आणि सगळा वेळ दोघांची तोंडं चालू.

मग आई गेली. शेवटचं आजारपण ठिणगीनं एकटीनं काढलं. लांब्या पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती त्याला काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं किती वाईट हे त्याला ठाऊक होतं. खेळ बंद पडला. फोनवर "बरी आहेस ना?" आणि "हो", एवढ्यावर दोघं आले.

असं दीडेक वर्ष गेलं आणि त्याच खेळाच्या नव्या भागाची तारीख जाहीर झाली. लांब्याचा मेसेज आला, "ताई, रविवारी दुपारी उघडतोय. पहिल्या गावात विहिरीपाशी भेटू?" तिनं बराच वेळ फोन हातात धरला, "बघू" एवढंच लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन रविवारची ड्यूटी बदलून घेतली.

रविवारी खेळ उघडला. नव्या खेळाडूचा जन्म एकाच गावात व्हायचा. चार झोपड्या, मधे विहीर, पलीकडे माळ. माळावरचे पिसाळलेले कोल्हे मारायचे, शेपट्या गावप्रमुखाला नेऊन द्यायच्या, मग पुढचा रस्ता मोकळा. आणि त्या दुपारी सगळं जग त्याच गावात जन्माला आलं होतं. सगळ्यांच्या अंगात तोच मळकट सदरा, हातात तीच काठी. डोक्यावरची नावं एकमेकांवर चढून नुसता पांढरा चिखल झालेला. विहीर दिसतच नव्हती, विहिरीच्या जागी माणसांचा ढीग होता. चित्र अडकत होतं, उडी मारत होतं, पुन्हा अडकत होतं. जमिनीतून कोल्ह्याचं नाक वर आलं रे आलं की त्यावर शंभर काठ्या. ठिणगीची काठी पोचायच्या आत शेपटी दुसऱ्याच्या झोळीत.

"एवढी माणसं येणार हे यांना माहीत नव्हतं?" ती नवऱ्यावर तडकली. चष्म्याच्या दुकानात काम करणारा तो शांत माणूस मागे बसून भाजी निवडत होता. "वर्षभर जाहिराती यांनीच केल्या ना? का मी केल्या?"

"पहिल्या दिवशी असंच व्हायचं," तो म्हणाला.

"मग पहिला दिवस ठेवला कशाला?"

तो भाजी निवडत राहिला.

ती लोकांच्या अंगाखालून, डोक्यावरून वाट काढत विहिरीच्या कठड्यावर चढली आणि तिथे ठाण मांडून उभी राहिली. शेजारी कुणीतरी उगाच उड्या मारत होतं. कुणीतरी तिच्या पोटातून आरपार चालत गेलं. लांब्याचं नाव कुठेच दिसेना. खेळातली मित्रांची यादी उघडेना, निरोप जाईना. वेळ जात चालला तसा तिचा राग कंपनीवरून सरकत सरकत भावावर आला. शेवटी तिनं फोन लावला.

"ताई, कुठे आहेस तू?" त्यानंच आधी विचारलं. "मी कधीचा विहिरीपाशी उभा आहे."

"खोटं बोलू नकोस. विहिरीच्या कठड्यावर मी आहे."

"मीपण कठड्यावरच आहे."

"नाहीस. तू इथे नाहीस. तू कधीच नसतोस, लांब्या."

मग दीड वर्ष कोंडलेलं सगळं बाहेर आलं. "आई शेवटी तुझंच नाव घेत होती. मी तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालतेय आणि ती मला विचारतेय, लांब्या आला का. काय सांगायचं होतं मी तिला? अंथरूण मी बदलायचं, रात्री मी जागायचं, आणि वाट बघायची तुझी."

"आणि 'साधा ताप आहे, धावत यायची गरज नाही', हे मला कोण म्हणालं होतं?" त्याचाही आवाज चढला. "तू म्हणालीस. वर म्हणालीस, मी आहे ना. मी भरलेली बॅग परत रिकामी केली, ताई."

मागे नवऱ्याचे भाजी निवडणारे हात थांबले.

"म्हटलं असेन," ठिणगी म्हणाली. "तरी यायचं होतंस."

"हो," तो म्हणाला. "यायला हवं होतं."

तेवढ्यात पडद्यावर कंपनीची सूचना आली. गर्दीमुळे गावाच्या अनेक प्रती केल्या आहेत, तुमचे मित्र दुसऱ्या प्रतीत असू शकतात, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तिनं ती मोठ्यानं वाचली. म्हणजे मघापासून दोघंही विहिरीपाशीच होते. विहिरी वेगळ्या होत्या.

लांब्याच्या नाकातून हसू फुटलं.

"हसू नकोस," ती कडाडली. "माणसं वाट बघत उभी असतात आणि हे न सांगता गावाची दहा गावं करतात. दिलगीर म्हणे. यांना माझ्याकडे पाठवा एक दिवस, रोलरवर उभं करते."

"पाठवतो," तो म्हणाला.

फोन तसाच चालू ठेवून दोघं आपापल्या गावात कोल्ह्यांमागे धावत राहिले. ती कंपनीला, कोल्ह्यांना, मधे येणाऱ्यांना आणि अधूनमधून त्याला शिव्या घालत होती. तो ऐकून घेत होता. पुढच्या महिन्यात रजा टाकून घरी येतो, असं मधेच म्हणाला.

"येतो म्हणू नकोस. ये."

ऊन उतरायला लागलं तेव्हा कुठे त्याचं आमंत्रण तिच्यापर्यंत पोचलं. तिनं होकार दाबला. पडदा काळा झाला आणि ती त्याच्या गावात उतरली. गर्दी तेवढीच, धक्के तेवढेच. पण कठड्यावर सगळ्यांपेक्षा वीतभर उंच एक गडी उभा होता. ती तरातरा त्याच्यासमोर गेली आणि तिनं काठी उगारली.

त्या गावात एकमेकांना मारता येत नव्हतं. काठी नुसती अंगातून आरपार जायची. तरी ती मारत राहिली. तो जागचा हलला नाही.

"ताई, लागत नाहीये," फोनवर तो हळूच म्हणाला.

"माहितीये मला," ती म्हणाली, आणि तिनं आणखी एक ठेवून दिली.