शिंत्रे अण्णा आणि मुलींचे बूट

श्री. वसंतराव शिंत्रे यांना मी प्रथम पाहिले ते कारखान्याच्या कार्मिक विभागात, माझ्या टेबलासमोर. खेळाडूंच्या कोट्यातून लागलेला फुटबॉलपटू म्हणजे सही करून मैदानावर पळणारा, हा आमचा अनुभव. निपाणीहून आलेल्या या उंच तरुणाने मात्र विचारले, "अक्का, माझं मशीन कुठलं?" हा प्रश्न कोट्यातल्या कुणीही तोवर विचारला नव्हता.

पुढे त्यांनी कारखान्याला करंडक मिळवून दिले, राज्याकडून खेळले आणि ऐन भरात गुडघा गमावून बसले. तळाला गेलेल्या आमच्या संघाचे मॅनेजरपद कुणालाच नको होते, म्हणून ते अण्णांना दिले गेले. तेही उपकार केल्यासारखे. तोच संघ अजिंक्य ठरला तेव्हा पद देणारे सगळे अचानक दूरदर्शी निघाले.

अण्णांची एक रीत होती. संघातून कुणाला वगळायचे असेल, तर आदल्या दिवशी ते त्याच्या मशीनपाशी जात आणि कारण स्वतः सांगत. निरोप नाही, चिठ्ठी नाही. एकदा चिडलेल्या एका खेळाडूने त्यांच्याकडे पाठच फिरवली. अण्णांनी दोन चहा मागवले आणि कारण पुन्हा सांगितले.

निवृत्तीनंतर मानद मॅनेजर म्हणून त्यांनी मुलींचा संघ उभा केला आणि आमच्या क्लबातल्या थोर पुरुषांच्या पोटात दुखू लागले. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, सगळ्या संघांचे साहित्य क्लबाच्या ओट्यावर मांडतात. ज्याचे साहित्य पूजेत, त्याला वर्षभर मैदान, असा तिथला रिवाज. त्या वर्षी मुलींचे बूट तेवढे पोत्यात घालून ओट्यामागे ढकललेले मला दिसले. मी जाब विचारला, तर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, स्वल्प अ‍ॅडजस्ट करा." मी काय बसमधली सीट आहे, असे मी त्यांना विचारले.

अण्णांनी आवाज चढवला नाही. "सरी," ते कानडी वळणाने म्हणाले, "ठीक आहे, वगळा. पण कारण तुम्हीच सांगायचं, मुलींच्या तोंडावर. त्या बाहेर उभ्या आहेत."

सेक्रेटरी बाहेर गेले आणि परंपरेविषयी काहीबाही पुटपुटले. गोलरक्षक शैलजाने सगळे ऐकून घेतले.

"सर, गेल्या रविवारी मी याच बुटांनी पेनल्टी अडवली. यातला डावा चालत नाही, की उजवा?"

बूट ओट्यावर आले. पुरुष खेळाडूंनी आपले सामान सरकवून जागा केली आणि अण्णांनी प्रत्येक जोडीला स्वतः कुंकू लावले.

त्याच हंगामात मुलींनी पीण्या औद्योगिक वसाहतीच्या बलाढ्य संघाला हरवून करंडक आणला. फोटोसाठी सेक्रेटरी मागे घुटमळत होते. अण्णांनी त्यांना हाताला धरून पुढे आणले आणि त्यांनाच शैलजाच्या गळ्यात हार घालायला लावला. मी असते तर त्यांना फोटोग्राफरच्याही मागे उभे केले असते. म्हणून तर हा गौरवग्रंथ अण्णांचा निघतो आहे, माझा नाही.

या ग्रंथाच्या पहिल्या मसुद्यात मुलींच्या संघाचा उल्लेख एका ओळीचा होता. मी भांडून त्याचे प्रकरण करून घेतले. शैलजा आता त्याच क्लबात प्रशिक्षक आहेत आणि अण्णा पंचाहत्तरीतही रोज सकाळी चामराजपेटच्या घरून त्यांचा सराव पाहायला जातात. अण्णांचा गुडघा त्यांचे ऐको, ते डॉक्टरांचे ऐकोत, आणि त्यांच्या शंभरीच्या ग्रंथाचे संपादन मुलींच्या संघातलीच कुणी करो.