मेहरूण ते दोंडाईचा: चार ठोके आणि पिकअपची शेवटची खेप

परवा पुतण्याच्या नव्या पिकअपमध्ये समोर पिवळा दिवा लागला. चाकात हवा मोजणारं सेन्सर बसवलेलं असतं, त्यातला सेल संपला होता. सेल वेगळा निघत नाही, सेन्सरच बदलावं लागतं. टायर रिमवरून उतरवून कारागिरानं नवं बसवलं आणि म्हणाला, "हवा सकाळी भरा, गाडी थंड असताना." ते ऐकून मला नव्वदच्या आसपासची ती खेप आठवली.

आमचे हे वारले त्याला वर्ष झालं होतं. आमची पिकअप केळी वाहायची. रोज पहाटे हे लोखंडी टामीनं चारही टायर ठोकून बघत. आत मी चहाचं पाणी ठेवलेलं असे. चौथा ठोका पडला की पावडर टाकायची, म्हणजे हात धुऊन येईपर्यंत चहा तयार. ह्यांच्या मागे आमचा ड्रायव्हर बापू पहाटे येऊन ठोकायचा. पण दुरुस्त्या आणि भाडी सांभाळणं मला जमेना. गाडी विकायचं ठरवलं. दोंडाईच्याच्या एका मिरची व्यापाऱ्याला ती हवी होती. बापूलाही कामावर ठेवा, एवढीच माझी अट. ते व्यापारी, आबा, म्हणाले, "माल भरून गाडी इथवर आणून दाखवा. नीट आली तर दोघांना ठेवतो. वाटेत बसली तर दोघांना परत न्या."

म्हणून जळगावातल्या आमच्या मेहरूणहून मीही सोबत निघाले. केळी भरण्यातच सकाळ गेली. तुम्ही त्या बाजूला उन्हाळ्यात जाणार असाल तर उजाडायच्या आत निघा, आमच्यासारखं करू नका. एरंडोलपर्यंत ठीक होतं. पुढे डांबर मऊ झालेलं, केबिनमध्ये भट्टी. डबा उघडून मांडीवरच कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा खाल्ला. दोघांनाही बोलायचा कंटाळा आला होता.

पारोळ्याला बापूनं गाडी सावलीत घेतली आणि टायरवर हात ठेवून झटक्यात काढला. "अक्का, बठ्ठं टायर तपेल शे. थोडी हवा काढी टाकस. नही ते फुटी जाई."

आमच्याकडे उन्हाळ्यात सगळेच असं करतात. बापूनं रस्त्यावरचा एक बारीक खडा घेतला, व्हॉल्व्हची पिन दाबून धरली आणि चारही चाकांतून फुस्स करून हवा सोडली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

धुळ्याच्या अलीकडे धाब्यावर ऊन उतरेपर्यंत थांबलो. शेवभाजी जळजळीत होती, पण खाटा स्वच्छ होत्या. गाडीची सावली लांब पसरली तेव्हा निघायचं म्हणून बापूनं सवयीनं टामी उचलली. मी खाटेवर डोळे मिटून पडले होते. भद्द. भद्द. भद्द. चौथा तर गादीवर मारल्यासारखा.

मी उठून बसले. "बापू, हा आवाज आपल्या दारातला नाही."

"तुम्हाला काय कळतंय अक्का, झोप झाली नाही तुमची."

"बारा वर्षं ह्या आवाजावर चहा केलाय. परत मार."

त्यानं परत मारला. मग त्याचाही चेहरा उतरला. हे पहाटे का ठोकत, ते मला तिथं उमगलं. तापलेल्या टायरात हवा फुगलेली असते, ती सोडून दिली की थंड झाल्यावर टायर रिकामा पडतो. केळीच्या वजनाखाली चारही टायर पोट सोडून बसले होते. असंच पुढं गेलो असतो तर सोनगीरच्या आतच टायर फाटला असता.

हळूहळू पंपावर गेलो. हवा भरली. तीन चाकं खणखणली, डावं मागचं नाही. बापूनं व्हॉल्व्हवर थुंकी लावली, बुडबुडा फुगला. खड्यानं पिन दाबताना आत कचरा अडकला होता. शेजारच्या दुकानात गाडी जॅकवर चढवली, पिन काढून नवी बसवली. चार चहांच्या भावात काम झालं. निघालात की एक जादा पिन जवळ ठेवा. जागा काहीच लागत नाही.

पुढं चिमठाण्याजवळ बापू म्हणाला, "आबाला सांगशात का?"

"काय सांगायचं?"

त्यानं गिअर बदलला.

रात्री आबांच्या घरी झोपलो. पहाटे मी मिरचीच्या ठसक्यानं शिंकत बाहेर आले. बापू टामी घेऊन उभा होता.

आबा हसले, "काय रे, गाडी विकतोय की मडकं?"

"ऐका तर खरं," मी म्हणाले. चारही ठोके एका सुरात वाजले.

"वाटेत त्रास?"

"टायरची पिन गेली होती. बापूनं बदलून घेतली. गाडी नीट आणली त्यानं." पिन कशी गेली, ते आबांनी विचारलं नाही. गाडी आणि बापू, दोघांनाही ठेवून घेतलं.

बापूनं टामी माझ्या पुढं धरली. मी म्हटलं, "गाडीबरोबर राहू दे. पण पहाटेच ठोकायचं. उन्हात हवा सोडायची नाही."

दोंडाईच्याहून जळगावला थेट गाडी मिळाली. अमळनेरपर्यंत बसायला जागा नव्हती. घरी येऊन तशीच आडवी झाले.

दुसऱ्या पहाटे चहाचं पाणी ठेवलं आणि पावडरीचा डबा हातात धरून उभी राहिले. पाणी उकळलं, आटलं, भांडं करपायला लागलं, तेव्हा भानावर आले. भांडं घासलं. पुन्हा पाणी ठेवलं, एकाच कपाचं, आणि पावडर अंदाजानं टाकली.