एकेचाळीस लाल झेंडे

धाकटी गुरुवारी दुपारी घरी आली आणि पाठीवरची पिशवी तिने शिवणाच्या मशीनपाशी उलटी केली. लाल झेंड्यांचा ढीग पडला. आईने ते लगेच ओळखले. ओळखणारच, तिनेच शिवले होते. जुन्या पलंगपोसाचे एकेचाळीस तुकडे, प्रत्येकाला काडी घालायला बारीक नेफा.

“मोजणी संपली वाटतं?”

“घरटीच संपत आली,” धाकटी म्हणाली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली.

आई घाबरली. तसं तिला घाबरायला फारसं काही लागत नसे. “हिला फोन वाजला तरी आधी घोटभर पाणी लागतं,” असं बाबा येईल-जाईल त्याला सांगत. पोस्टातली नोकरी तिने तीस वर्षं केली, पण दुसऱ्यांची पत्रं हाताळतानाही तिला धाकधूकच असायची.

धाकटी तर लहानपणापासून अबोल. आठवीत वक्तृत्व स्पर्धेला उभी राहिली आणि चकार शब्द न बोलता तीन मिनिटांनी खाली उतरली होती. पुढे औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागली. सूक्ष्मदर्शकाशी बोलावं लागत नाही, म्हणून आई निर्धास्त होती. पण सुट्टीच्या दिवशी पोरगी नदीवर जाऊन पक्षी मोजत बसायची, आणि एक दिवस नोकरी सोडून निसर्ग-संवर्धनाच्या फेलोशिपला गेली. ज्यांचा जीव झाडापाण्यात रमतो, पण चार माणसांना बरोबर घेऊन काम कधी केलेलं नाही, अशा तरुणांना तिथे पुढारपण शिकवत. दोन वर्षं. पहिलं वर्ष सरलं की ठरणार, पुढे चालू की घरी परत. कारखान्यातली तिची खुर्ची तर केव्हाच भरली होती.

तिच्या वाट्याला नदीतलं वाळूचं बेट आलं होतं. तिथे सुरय पक्षी तळहाताएवढ्या खळग्यात अंडी घालतात. अंड्यांचा रंग वाळूसारखाच, माणसाचा पाय कधी पडेल सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक घरट्यापाशी खूण. “लांबून दिसली पाहिजे, आई,” ती म्हणाली होती, आणि आईने कपाटातला सगळ्यात भडक पलंगपोस शोधून काढला होता.

“आठ दिवसांत एकोणतीस घरटी रिकामी,” धाकटी खाली बघत सांगू लागली. “कशामुळे ते कळेना. मग दुर्बिणीतून कावळा दिसला. झेंड्याच्या काडीवर बसला, वाकून बघितलं, खाली उतरला, अंडी फोडली, आणि सरळ पुढच्या झेंड्यावर. एक झेंडा वाऱ्याने उडून मोकळ्या वाळूत पडला होता. तिथेही त्याने उकरून बघितलं. मी कावळ्यांना नकाशाच काढून दिला, आई. लगेच सगळे उपटून आणले.”

परवा, शनिवारी तिची चुकांची बैठक होती. ही त्या फेलोशिपची रीतच. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने आपली एक चूक सगळ्यांपुढे मांडायची. ऐकणाऱ्यांनी रागवायचं नाही, समजूतही घालायची नाही, फक्त प्रश्न विचारायचे. शनिवारची बैठक वर्षअखेरची, म्हणून घरच्यांनाही बोलावलं होतं, आणि तिच्यावरच पुढचं वर्ष ठरायचं.

आईने बराच वेळ झेंड्यांच्या घड्या घातल्या. मग हळूच म्हणाली, “कावळ्यांनी अंडी खाल्ली, एवढंच सांग ना. खोटं थोडंच आहे?”

“आणि झेंडे?”

“झेंड्यांचं कोण विचारतंय?”

“बघा,” बाबा पेपराआडून म्हणाले, “तीस वर्षं लोकांची पत्रं न फोडता पोचवली, आणि आता स्वतःच्या पोरीचं अर्धं पत्र दडवायला निघाली.”

“तुम्ही गप्प बसा हो. तिचं वर्ष जायचंय, तुमचं नाही.”

शनिवारी निघताना झेंडे धाकटीच्या पिशवीत होते, एवढंच आईने पाहिलं. काय सांगणार, हे विचारायची तिची छाती झाली नाही.

बैठक एका शाळेच्या वर्गात होती. घरचे लोक मागच्या बाकांवर. पुढे मार्गदर्शक बाई, फेलोशिपच्या समितीचे दोघे, आणि भिंतीला टेकून धाकटीला रोज बेटावर नेणारा, एरवी मासे धरणारा नावाडी. धाकटी फळ्यापाशी उभी राहिली आणि बोलेचना. आईने मनात आकडे मोजायला घेतले. वीस झाले, चाळीस झाले. अगदी आठवीतल्यासारखं. ती बाकावरून उठणार, तेवढ्यात बाबांनी तिचा पदर धरून ठेवला.

मग धाकटीने पिशवी उघडली, झेंडे टेबलावर ठेवले आणि सांगितलं. सगळं, कावळ्याने उकरलेल्या मोकळ्या वाळूसकट.

आईला राहवलं नाही. “लाल रंग मी निवडला होता,” ती मागून म्हणाली.

“हा प्रश्न नाही, ताई,” मार्गदर्शक बाई शांतपणे म्हणाल्या. आई कानकोंडी होऊन बसली.

प्रश्न नावाड्याने विचारला. “तिसऱ्याच दिवशी मी म्हणालो होतो, पोरी, कावळे वाढलेत, हे झेंडे काढ. का नाही ऐकलंस?”

ही गोष्ट धाकटीने घरी सांगितली नव्हती. आता संपलं, आईला वाटलं.

“तुमच्याकडे वही नव्हती, काका,” धाकटी म्हणाली. “माझ्याकडे होती. मला वाटलं, लिहिलेलं तेवढंच खरं.”

“आणि आता?”

“तुम्ही पाण्यात जाळं कुठे टाकलं ते कसं लक्षात ठेवता? तिथे तर खूण रोवता येत नाही.”

“काठावरचं एक झाड आणि त्यामागची एखादी इमारत एका रेघेत धरायची. अशा दोन रेघा. जिथे छेदतात तिथे जाळं.”

“घरट्यांना तसंच करायचंय. बेटावर काही रोवायचं नाही. रेघा तुम्ही दाखवायच्या, मी लिहायच्या. याल का?”

नावाड्याने मान खाजवली. “येईन. पण मी थांब म्हटलं की थांबायचं.”

“थांबेन.”

समितीतल्या एकाने राहिलेल्या बारा घरट्यांचं विचारलं. “झेंडे काढल्यापासून एकही गेलं नाही,” ती म्हणाली. “काल चारांत पिल्लं होती.”

निर्णय तिथे सांगितला नाही. पत्र येईल, म्हणाले. आई पाच दिवस नीट जेवली नाही. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की आत जायची आणि पुन्हा बाहेर यायची. सहाव्या दिवशी धाकटी काठावर कामाला गेलेली असताना पाकीट आलं. ते धाकटीच्या नावाचं. दुसऱ्याचं पत्र आईने आयुष्यात फोडलं नव्हतं. तिने फोन लावला आणि लेकीने “फोड गं” असं दोनदा म्हटल्यावरच कात्री घेतली.

दुसरं वर्ष मंजूर होतं. अट एकच. पुढची मोजणी नावाड्यासोबत करायची, आणि अहवालावर त्याचंही नाव घालायचं.

पलीकडून नुसता पाण्याचा आवाज येत होता.

“ऐकलंस ना?” आईने विचारलं.

“ऐकलं.”

“मग बोल काहीतरी. आणि तू आत्ता होडीत आहेस का? लाइफ जॅकेट घातलंयस?”

“घातलंय, आई.”

“काकांना फोन दे. मला त्यांच्याकडून ऐकायचंय.”