खिडकीतलं भांडण

पुण्यातल्या दुकानाच्या भाड्याच्या जोरावर आई-बाबांना पोर्तुगालमध्ये राहायचा व्हिसा मिळाला आणि त्यांच्याबरोबर मीही आले. आईला मात्र करमेना. "इथे भांडायलासुद्धा कुणी नाही," म्हणायची. परत जाऊया म्हणायची.

आज खिडकीबाहेर वाळत घातलेली तिची साडी खालच्या आजींच्या चादरीवर ठिबकली. आजी पोर्तुगीजमध्ये कडाडल्या.

"अहो, मग चादर आत घ्या की!" आई मराठीत.

मी पडद्याआड. दोघी बराच वेळ हात नाचवत भांडल्या आणि अचानक हसत सुटल्या. एकमेकांचा शब्दही न कळता माणसं किती मनापासून बोलतात! मी तर येणाऱ्या भाषेतही निम्मंच बोलते.

आई आत आली, चेहरा फुललेला.

"उद्या धुणं लवकर टाकूया गं. त्या सकाळीच खिडकीत येतात."