गाव्रिलची गिरकी

क्लुज शहरातल्या आमच्या वाद्यवृंदात लिओन्तिना व्हायोलिन वाजवायची. मी तिच्या मागच्या खुर्चीत व्हिओला घेऊन बसायचे. ती डोंगरातल्या पोइएनीत्सा गावची. बोलायची कमी, हसायची त्याहून कमी. तिचा धाकटा भाऊ गाव्रिल लाकडाच्या तराफ्यावरून नदीत पडला, तो सापडलाच नाही. लग्न ठरलेलं होतं त्याचं.

त्या वर्षी मास्तरांनी गावाकडच्या नाचांची माळ वाद्यवृंदासाठी बसवायला घेतली. तिसरा नाच पोइएनीत्साचा, जोडीनं गिरक्या घ्यायचा. सकाळची तालीम, समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. नाचाची धून सुरू झाली आणि सभागृहाच्या मागून टाचा वाजायला लागल्या.

"कोण धिंगाणा घालतंय तिकडे?" मास्तर ओरडले. वाद्यं थांबली. टाचा एक ठेका पुढे जाऊन थांबल्या.

ढोलवाला जाऊन बघून आला. "कुणी नाही. उंदीर असतील."

"नाल ठोकलेले उंदीर?" मास्तर म्हणाले. कुणी हसलं नाही.

लिओन्तिना पांढरीफटक पडली होती. "डावा पाय उशिरा पडतोय," ती माझ्याकडे वळून कुजबुजली. "आमच्या गाव्रिलचा पडायचा तसा."

पुढच्या तालमींनाही तेच झालं. शेवटी ती आईकडे निघाली, मला सोबत घेऊन.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. "पोरगं बिनलग्नाचं गेलं की पुरण्याआधी त्याचं लग्न लावतात. याला मातीच मिळाली नाही, मग लग्न कुठलं? नाचायला जागा शोधतोय गं तो."

"मग वाजवणं सोडून देऊ?" लिओन्तिनानं विचारलं.

"सोडतेस काय? इथे वाजव."

रविवारी प्रार्थनेनंतर दफनभूमीत फरचं, देवदारासारख्या झाडाचं, एक रोपटं रोवून आम्ही त्याला लग्नाच्या फिती बांधल्या. ठरलेली नवरी सावेता आली. आता ती दुसऱ्याची बायको होती आणि तो नवरा धुसफुसत होता. "मेलेल्याची नवरी व्हायला माझीच बायको सापडली?"

"जन्मभर तुझीच आहे रे," म्हातारी म्हणाली. "एवढी दुपार दे."

त्यानं टोपी काढली आणि बाजूला उभा राहिला.

लिओन्तिनानं सूर लावला, मी साथ धरली. सावेतानं हात हवेत धरला आणि फिरू लागली. गिरकी वाढली तशी ती मागे कलली, सगळा भार मोकळ्या हवेवर टाकून. एकटं माणूस तिथे आडवंच व्हायचं. ती पडली नाही. तिच्या पावलांशेजारचं गवत दबत होतं. लिओन्तिनाचा गज थांबला नाही.

सूर संपले. सावेतानं बोटं हळूच सोडवून घेतली.

"कसा होता गं?" म्हातारीनं विचारलं.

"हात आधी गार होता," सावेता म्हणाली. "मग ऊब आली."

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहातून टाळ्यांखेरीज काही ऐकू आलं नाही. पुढच्या वर्षी लिओन्तिना नोकरी सोडून कायमची गावी गेली. मी भेटायला गेले तेव्हा विचारलं, "करमतं का गं इथे?"

"फुरसत कुठाय!" ती म्हणाली. "आमच्या डोंगरात बिनलग्नाचे गेलेले पुष्कळ आहेत. रविवारी दारात येऊन उभे राहतात."

हवापाण्याचं बोलावं तसं ती सांगत होती.